लिंपायचंय की भरायचंय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत नाही ना, हे तुम्हालाही कळेल. तुम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आठवीला गणित शिकवता. मुलांना सूत्रं तोंडपाठ आहेत. झोपेतून उठवलं तरी ‘लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची’ म्हणतील. पण उदाहरण शब्दांत आलं की पृष्ठफळ काढायचं की घनफळ, इथंच गाडी अडते. चाचणीत एकानं टाकीत मावणारं पाणी चौरस सेंटीमीटरमध्ये काढलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि मोकळा झाला. शाळेत प्रतिकृती नाहीत, प्रोजेक्टर बंद आहे. तर शिकवू कसं, असं तुमचं विचारणं आहे.

मी लातूर आणि परभणी जिल्ह्यांत मिळून सव्वीस वर्षं पाचवी ते दहावीला गणित शिकवलं. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मीही फळ्यावर सूत्र लिहूनच सुरुवात करायची. माझ्याही वर्गात टाकीचं पाणी चौरसात निघायचं, आणि मीही ‘एककाकडे लक्ष द्या’ असं लाल शाईनं लिहून पुढच्या वहीकडे वळायची. आता वाटतं, ती एककाची चूक नव्हतीच. आपण नेमकं काय मोजतोय, हेच पोराला ठाऊक नव्हतं. तीन आकडे दिसले की गुणायचे, एवढंच त्याला आपण शिकवलेलं असतं.

आधी एक कबूल करते. मी पुढं जे सांगणार आहे त्याला आठ-दहा तास लागतात. तुमची सहामाही पंधरा दिवसांवर आली असेल, किंवा एकाच खोलीत सातवी-आठवी मिळून साठ पोरं असतील, तर सगळं जमणार नाही. अशा वेळी विटांचा खेळ आणि आकडे काढलेली उदाहरणं, एवढंच करा. आणि वर्गात दोन अंकी गुणाकार अडणारी मुलं असतील तर त्यांना या धड्यात पाढ्यांची शिक्षा देऊ नका. गुणाकार कॅल्क्युलेटरवर करू द्या. गुणाकार आणि घनफळ ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकाच गोळीनं बरी होत नाहीत.

विटांपासून सुरू करा. प्रत्येक शाळेच्या मागं कुठल्या तरी अर्धवट बांधकामाच्या विटा पडलेल्या असतातच. नसतील तर काड्यापेट्या चालतात. लांबीत चार, रुंदीत तीन, असा एक थर लावायचा आणि त्यावर तसेच दोन थर. पोरांनी भोवती फिरून पाहायचं, पण हात लावायचा नाही. आणि विचारायचं, एकूण विटा किती?

माझ्या वर्गात दरवर्षी तीन उत्तरं येतात: ३२, ५४ आणि ३६. तुमच्याकडंही हीच येतील. बरोबर उत्तर ३६, पण खरं सोनं बाकीच्या दोन उत्तरांत आहे. ३२ म्हणणाऱ्यानं बाहेरून दिसणाऱ्या विटा नीट मोजलेल्या असतात, एकही दोनदा न मोजता. आत लपलेल्या चार विटा त्याच्या हिशोबात नाहीत, कारण त्या दिसतच नाहीत. आणि ५४ म्हणणारीनं विटा मोजलेल्याच नसतात, तिनं विटांची दिसणारी तोंडं मोजलेली असतात: बाजूंची ४२ आणि वरची १२. म्हणजे तिनं पृष्ठफळ काढलं, तळ सोडून! तिला ‘चूक’ म्हणू नका. म्हणा, ‘तू या ढिगाला चुना मारायला निघालीस, आम्ही विटा गाडीत भरतोय.’ पुढं महिनाभर वर्गात कुणी गोंधळलं की बाकीची पोरं आपोआप ओरडतात, ‘आरं चुना नाही मारायचा, गाडी भरायची हाय!’

मग एकेक थर काढून दाखवायचा. एका थरात बारा, थर तीन. इथं सूत्राचं नाव काढू नका. नुसतं विचारा, ‘थरात किती? थर किती?’ हे दोन प्रश्न डोक्यात बसले की निम्मा धडा झाला.

आपल्या भाषेनं इथं फार मोठी सोय करून ठेवली आहे आणि आपण ती वापरत नाही. इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रचण, रचलेला ढीग. इष्टिकाचिती म्हणजे विटांची रचण! वृत्तचिती म्हणजे वर्तुळांची रचण. घनफळ कसं काढायचं ते नावातच सांगितलंय: एका थराचं क्षेत्रफळ घ्या आणि थर मोजा. मी मुलांना विचारते, ‘घरी वर्तुळांची रचण कुठं बघितली?’ कुणी तरी भाकरींची चवड म्हणतंच. झालं, वृत्तचिती म्हणजे चवड. एका भाकरीचं क्षेत्रफळ पाय आर वर्ग, आणि चवडीची उंची एच. दोन सूत्रं नाहीतच, एकच आहे.

चवडीचा आणखी एक फायदा. पाण्याचा टँकर आडवा असतो. त्याची ‘उंची’ कोणती, असं विचारलं की पोरं जमिनीपासून वरपर्यंतचं माप सांगतात आणि फसतात. तेव्हा म्हणायचं, चवड आडवी पडली, आता भाकरी कोणत्या बाजूनं रचल्यात? रचणीची दिशा ती उंची. हे मला पुस्तकात कुठं मिळालं नाही, एका पोरीनं डब्यातली चवड आडवी करून मलाच दाखवलं.

आता तुमच्या मुख्य अडचणीकडं येऊ. शब्दांतली उदाहरणं मी पहिल्या आठवड्यात आकड्यांशिवाय देते. फळ्यावर नुसती वाक्यं: हौदाला आतून सिमेंटचा गिलावा करायचाय. हौदात पाणी किती मावेल? तेलाचा डबा करायला पत्रा किती लागेल? डब्यात तेल किती? विहिरीतून मुरूम किती निघाला? मैदानावर रूळ एकदा फिरला तर किती जागा दाबली जाईल? मुलांनी गणित सोडवायचं नाही. वहीत फक्त ‘लिंपायचंय’ किंवा ‘भरायचंय’ एवढंच लिहायचं. आकडे नसले की गुणायला काही नसतं, मग नाइलाजानं वाक्य वाचावं लागतं.

हे शब्द मी धान्य साठवायच्या कणगीवरून घेतले. कणगी आता गावातही क्वचित दिसते, पण आजीला विचारून या म्हटलं की माहिती येते. बांबूची विणलेली, आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपलेली. शेणमाती किती लागेल हा एक प्रश्न, ज्वारी किती मावेल हा दुसरा. वस्तू एकच, आकडे तेच, उत्तरं दोन आणि एककंही दोन. पहिल्याचं उत्तर चौरसात, कारण लिंपण पसरतं. दुसऱ्याचं घनात, कारण ज्वारी साठते. तुमच्या त्या विद्यार्थ्याला एवढं विचारून बघा: ‘तुझ्या चौरस सेंटीमीटरमधल्या पाण्याची खोली किती?’ तो स्वतःच खोडेल.

एककांसाठी एक खटाटोप जरूर करा. एक मीटर लांबीच्या बारा तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, घ्यायच्या, कोपऱ्यांवर सुतळीनं बांधायच्या, म्हणजे एका घनमीटरचा सांगाडा उभा राहतो. एवढा खर्च शून्य आणि परिणाम मोठा असलेला दुसरा प्रकार मला माहीत नाही. आमच्याकडं त्यात आठवीची सहा पोरं दाटीवाटीनं बसली, सातव्याचा पाय बाहेर राहिला. मग त्या सांगाड्याच्या एका कोपऱ्यात पुठ्ठ्याचा एक सेंटीमीटरचा घन ठेवायचा आणि विचारायचं, असे किती मावतील? बहुतेक जण ‘शंभर’ म्हणतात, काही ‘हजार’. कुणी हसायचं नाही. ‘थरात किती?’ शंभर गुणिले शंभर, दहा हजार. ‘थर किती?’ शंभर. दहा लाख! हा आकडा त्या इवल्याशा घनाकडे बघत स्वतःच्या तोंडानं म्हटला की विसरत नाहीत.

मधे दहा सेंटीमीटर बाजूची एक उघडी पेटी करायची, आतून प्लास्टिकची पिशवी लावायची आणि दुधाच्या अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या पाण्यानं भरून त्यात ओतायच्या. काठोकाठ येतं. म्हणजे लिटर हे काही वेगळं माप नाही, हजार घनसेंटीमीटरचंच ते घरगुती नाव. आणि सांगाड्यात अशा पेट्या हजार, म्हणून घनमीटर म्हणजे हजार लिटर.

आपल्या भागातल्या पोरांना हे सांगणं सोपं आहे, कारण पाण्याच्या मोजमापाशी त्यांची जन्मापासूनची ओळख. पावसाळ्यात पेपरात रोज ‘दलघमी’ छापून येतं. दशलक्ष घनमीटर म्हणजे शंभर मीटर लांब, शंभर रुंद, शंभर उंच असा एक घन. जायकवाडीची एकूण साठवण क्षमता २९०९ दलघमी, त्यातला जिवंत साठा २१७१. मी विचारते, सगळा नाथसागर एकाच घनात ओतायचा ठरवला तर त्याची बाजू किती असावी? कुणी शंभर किलोमीटर म्हणतं, कुणी पैठण ते औरंगाबाद. खरं उत्तर दीड किलोमीटरपेक्षाही कमी आहे. पोरं विश्वास ठेवत नाहीत, मग कॅल्क्युलेटरवर १४२७ चा घन करू द्यायचा. बाजू दुप्पट केली तर घनफळ आठपट का होतं, हे यानंतर वेगळं शिकवावं लागत नाही.

बांधकामावर जाणाऱ्यांच्या घरात ‘ब्रास’ चालतं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. दहा फूट लांब, पाच रुंद आणि दोन फूट उंच फळ्यांची ट्रॉली असेल तर ती बरोबर एक ब्रास. आम्ही एकदा सात मीटर व्यासाची, बारा मीटर खोल विहीर घेतली: ४६२ घनमीटर, म्हणजे १६३ ब्रास. मी मोठ्या ऐटीत ‘१६३ ट्रॉल्या’ लिहिलं. मागच्या बाकावरचा एक पोरगा, त्याचे वडील जेसीबी चालवायचे, हळूच म्हणाला, ‘मॅडम, दोनशेच्या वर व्हत्यात.’ दुसऱ्या दिवशी वडिलांना विचारून आला: मुरूम जमिनीत दाबून बसलेला असतो, उकरला की फुगतो, मधे हवा शिरते. सूत्र खोटं नव्हतं, विहिरीचं भोक ४६२ चंच होतं. ट्रॉलीत जातो तो फुगलेला मुरूम. हा फरक कळलेला पोरगा पुढं डिप्लोमाला सिव्हिलला गेला, त्याचं श्रेय मी घेत नाही.

वृत्तचितीला घरातला निळा दोनशे लिटरचा ड्रम घ्या. सुतळीनं परिघ मोजायचा, कारण व्यास मोजताना पट्टी मधोमध बसत नाही. आमचा परिघ १८२ सेंटीमीटर आला, म्हणजे त्रिज्या जवळपास २९, उंची ८८. उत्तर सुमारे २३२ लिटर. ड्रमवर २०० लिहिलेलं. इथं घाईनं ‘अंदाजे बरोबर’ म्हणून पुढं सरकू नका. बत्तीस लिटर कुठं गेले ते शोधायला लावा. ड्रमची जाडी, मधला फुगवटा, वरचा निमुळता खांदा आणि माप बाहेरून घेतलेलं. धारकता आतल्या मापावरून काढायची असते, हे वाक्य मी वर्षानुवर्षं सांगत आले. ते पटलं त्या दिवशी.

शंकू नववीत येतो, पण तुम्ही आठवीतच दाखवून टाका. आणि यातली माझी फजिती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. समान पाया, समान उंची. शंकू तीनदा भरून ओतला की वृत्तचिती भरते, हा प्रयोग सगळेच करतात. मी पाच सेंटीमीटर त्रिज्येची, बारा उंचीची पुठ्ठ्याची वृत्तचिती केली. शंकूसाठी कार्डशीटवर कंपासमध्ये बारा सेंटीमीटर घेतले, तुकडा कापला, गुंडाळला, तोंड बरोबर जुळलं. मागं केंद्रप्रमुख येऊन बसलेले. ज्वारी भरली, ओतली: एक, दोन, तीन. वर बोटभर जागा रिकामी! मी ज्वारी हलवून सारखी केली, डबा आपटला तर ती आणखीच खाली बसली. शेवटी ‘जवळजवळ तीनच’ म्हणून वेळ मारून नेली. पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, ‘मग जागा कामून उरली?’

रात्री घरी उमगलं. कंपासमध्ये घेतलेले बारा सेंटीमीटर ही शंकूची तिरकस उंची झाली. सरळ उंची भरते १४४ वजा २५ चं वर्गमूळ, म्हणजे १०.९. तीन शंकूंनी वृत्तचिती बरोबर १०.९ पर्यंतच भरायला हवी आणि ती तेवढीच भरली होती. वर उरलेला एक-सव्वा सेंटीमीटर ही माझी चूक होती, ज्वारीची नव्हे. बारा सरळ उंची हवी तर कंपासमध्ये तेरा घ्यायचे आणि कोन साधारण १३८.५ अंशांचा. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन कबूल केलं आणि पायथागोरसनं ती रिकामी जागा मोजून दाखवली. आता मी मुद्दामच आधी चुकीचा शंकू करते. सरळ उंची आणि तिरकस उंची यांतला फरक त्या बोटभर रिकाम्या जागेइतका दुसरं काही शिकवत नाही. फक्त शंकू हातात धरून दाबू नका, तोंड लांबट झालं की माप जातं. काठाला चिकटपट्टी फिरवा.

‘पण तिसराच भाग का?’ असं विचारणारा एखादा असतोच. त्याला ज्वारी पुरत नाही. त्याच्यासाठी कार्डशीटच्या तीन सूची, म्हणजे पिरॅमिड, करा, प्रत्येकीचा पाया सहा सेंटीमीटरचा चौरस आणि टोक मधे नाही तर एका कोपऱ्याच्या बरोबर वर, सहा सेंटीमीटरवर. बाजूंना दोन काटकोन त्रिकोण सहा-सहाचे आणि दोन सहा व साडेआठचे. असे तीन सारखे तुकडे जुळवले की सहाचा घन तयार होतो. शंकूची पूर्ण सिद्धता ही नव्हे, पण एक तृतीयांश हा आकडा आकाशातून पडलेला नाही एवढं पोराला पटतं.

शंकूचं खरं उदाहरण मला बाजारात मिळालं. जुन्या मापानं धान्य मोजताना शीग लावतात ना, मापाच्या तोंडावरचा तो ढीग म्हणजे शंकूच. आमच्याकडं एका मुलीनं घरातलं पितळी माप आणलं, तोंडाचा व्यास १४ आणि उंची १३ सेंटीमीटर. सपाट भरलं तर २००२ घनसेंटीमीटर, दोन लिटर म्हणा. हरभऱ्याची शीग लावून उंची मोजली तर ४.२ भरली, म्हणजे शिगेचे २१६ घनसेंटीमीटर. दर नऊ-सव्वानऊ मापांमागं एक माप जादा! तिची आजी सांगायची की घेणारा शिगेनं घेतो आणि देताना सपाट देतो. आजीच्या त्या तक्रारीचा हिशोब नातीनं वहीत मांडला, टक्केवारीसकट.

आणि हे नवं नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त धान्याच्या राशीचं आख्खं प्रकरण आहे. तिथं रास मोजायला त्रिज्या लागत नाही, दोरीनं परिघ मोजला की पुरे. राशीची उंची जाड्या धान्याला परिघाचा दहावा भाग, बारीकाला अकरावा, कुसळाच्या धान्याला नववा. आणि घनफळ काढायला परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून उंचीनं गुणायचं. आमच्या मापाचा परिघ ४४, दहावा भाग ४.४, पट्टीवर ४.२ आले होते. त्यांच्या रीतीनं शिगेचं घनफळ २२६ येतं आणि आपल्या सूत्रानं २१६. फरक का, हे दहावीच्या मुलांना शोधायला द्या. या नियमात पाय तीन धरलाय. एक तृतीयांश आणि तीन एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून नियम इतका आटोपशीर झाला. कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगावजवळ पाटणं लागतं, तिथं भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. सहल तिकडं न्या, वेरूळला सगळेच जातात.

त्याच ग्रंथातला खड्ड्यांचा हिशोब मला शेततळ्यासाठी कामी आला, आणि हे उदाहरण मी कधीच सोडत नाही. वरून ३० बाय ३०, खोली ३ मीटर असं तळं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पोरं झटक्यात २७०० घनमीटर सांगतात. म्हणते, तळ्यावर जाऊन बघून या. बाजू उभ्या नसतात, उतरत्या असतात. मीटरभर खाली गेलं की मीटरभर आत येतात. म्हणजे तळाला २४ बाय २४. हुशार पोरं मग दोन्ही क्षेत्रफळांची सरासरी काढतात, ७३८, गुणिले तीन, २२१४. ही युक्ती चांगलीच आहे, पण थोडी चुकते. लीलावतीची रीत अशी: तोंडाचं क्षेत्रफळ ९००, तळाचं ५७६ आणि दोन्ही बाजूंची बेरीज ५४, तिचा वर्ग २९१६. तिघांची बेरीज ४३९२, भागिले सहा, ७३२. गुणिले खोली तीन, २१९६ घनमीटर. सरकारी शेततळ्याच्या अंदाजपत्रकातही या आकाराच्या तळ्याला २१९६ हाच आकडा असतो. पुढं दहावीत शंकूछेद, म्हणजे टोक कापलेला शंकू, शिकवताना हीच कल्पना पुन्हा भेटते, फक्त चौरसाऐवजी वर्तुळ.

२७०० आणि २१९६ मधला फरक ५०४ घनमीटर. नुसता आकडा म्हणून पोरांना तो किरकोळ वाटतो. तेव्हा मी त्यांना एप्रिल २०१६ सांगते. लातूरला प्यायला पाणी नव्हतं आणि मिरजेहून रेल्वेनं आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. पाच लाख लिटर म्हणजे ५०० घनमीटर. आताच्या आठवीतल्यांना ती गाडी आठवत नाही, पण प्रत्येकाच्या घरी तिची गोष्ट आहे. उतार न बघता केलेला तो एक गुणाकार म्हणजे ती अख्खी गाडी! मी हे सांगते तेव्हा वर्गात जरा वेळ कुणी बोलत नाही. आणि सरासरीवाल्यांची चूक १८ घनमीटरची, म्हणजे बारा हजार लिटरचा टँकर धरला तर दीड टँकर. कोणती चूक चालवून घ्यायची आणि कोणती नाही, हेही त्यांनाच ठरवू द्या.

गोलाबद्दल फार सांगत नाही, तो तुम्हाला पुढच्या वर्षी लागेल. प्लास्टिकचा चेंडू अर्धा कापा, तेवढ्याच त्रिज्येचा आणि त्रिज्येइतक्याच उंचीचा शंकू व वृत्तचिती करा. शंकू, अर्धगोल, वृत्तचिती यांचं प्रमाण एकास दोनास तीन. नारळाची करवंटी वापरू नका, ती गोल नसते. मी करून बसलेय.

विटांनंतर मी मुलांकडून गणिताआधी अंदाज लिहून घ्यायला लागले: उत्तर बादलीभर, ड्रमभर, टँकरभर की तळंभर? गणित झालं की त्याच्याशी ताडून बघायचं. पाण्याच्या बाटलीचं घनफळ ७७० घनमीटर लिहिणारा मग स्वतःच थांबतो. उत्तर चुकलं पण अंदाज बरोबर आणि एकक बरोबर, तर मी अर्धे गुण देते. बोर्डाच्या परीक्षेत तसं कुणी देत नाही, हे मुलांना आधीच सांगते.

राहिलं तुराट्यांचं. पौषात तूर निघाली की सरळ बघून ठेवून द्या, जूनमध्ये शोधायला गेलात तर चुलीत गेलेल्या असतात. कपाशीच्या पळाट्या घेऊ नका, वाकड्या असतात. आणि कितीही घट्ट बांधलात तरी दोन दिवसांत सांगाडा एका बाजूला कलणार. कलला तर सरळ करायची घाई करू नका. शेजारी वह्यांचा एक गठ्ठा ठेवा, त्यालाही हातानं ढकलून तसाच तिरका करा आणि विचारा: आता दोन्हींत पहिल्याइतकंच मावतंय का? वह्या तेवढ्याच आहेत आणि गठ्ठ्याची उंचीही तेवढीच. सांगाड्याच्या तुराट्यासुद्धा मीटरभरच आहेत, पण त्याची वरची चौकट जमिनीच्या जवळ आलीय. आमच्या वर्गात यावर दोन तास भांडण चाललं होतं आणि शेवटी पोरं ओळंबा घेऊन आली.